वाटीचे वजन

माहेरच्या वहीतून नानकटाईची कृती अक्षरशः उतरवून आणावी आणि भट्टीतून मात्र ती पसरट होऊन बाहेर यावी, हा अनुभव पुष्कळ भगिनींना येतो. अशा वेळी हाताला दोष देण्याआधी वाटीकडे पाहावे, असे आम्ही सुचवितो.

सगळे जिन्नस एकाच वाटीने घेतले तर प्रमाण बिघडू नये, हे तत्त्वतः खरे. परंतु वाटी जागा मोजते, जिन्नस नव्हे. २४० मिलिलिटरच्या कपात मैदा चमच्याने हलकेच भरला तर तो सुमारे १२० ग्रॅम भरतो. तोच कप डब्यात खुपसून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. कपभर साखर २०० ग्रॅम, तर कपभर पिठीसाखर सुमारे १२० ग्रॅमच. म्हणून 'वाटीभर साखर दळून' आणि 'वाटीभर पिठीसाखर' या दोन गोष्टी एक नव्हेत. साखर अशी वाढली की नानकटाई पसरलीच म्हणून समजावे. तुपाचेही तसेच. ग्वाल्हेरच्या थंडीत ते घट्ट थिजते आणि वाटीत भरताना मध्ये पोकळी राहते. गोव्याच्या उष्म्यात तेच पातळ होऊन वाटी पुरी भरते.

आपल्यासारख्या परप्रांती स्थिरावलेल्या घरांत 'शेर' हा शब्दही घोटाळा करतो. महाराष्ट्रात दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली, हे धान्याचे माप. इंदूर-ग्वाल्हेरच्या बाजारातला सेर मात्र वजनाचा. ८० तोळ्यांचा प्रमाणित शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. १९५८ पासून मेट्रिक वजने लागू होऊ लागली. त्याआधीच्या वहीत 'पावशेर मैदा' असे आढळले, तर ते माप की वजन, हे घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारून घ्यावे. उद्या सांगणारे कोणी असेलच असे नाही.

उपाय सोपा आहे. रिकामी वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि ती पाण्याने काठोकाठ भरावी. पाण्याचे जितके ग्रॅम, तितके वाटीचे मिलिलिटर. त्या आकड्याच्या निम्मे वजन मैद्याचे व पिठीसाखरेचे धरावे, बेसनाचे निम्म्याहून किंचित कमी, रव्याचे ०.७ पट, साखरेचे ०.८५ पट आणि तुपाचे ०.९ पट.

समजा, वाटी १५० मिलिलिटरची निघाली. वहीत लिहिले आहे : एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, एक वाटी बेसन, अर्धी वाटी रवा. त्याचे ग्रॅम असे होतात : तूप १३५, पिठीसाखर ७५, मैदा १५०, बेसन ७०, रवा सुमारे ५०. म्हणजे पिठे मिळून २७० ग्रॅम आणि तूप त्याच्या बरोबर निम्मे. हे नाते एकदा ध्यानी आले की कृती दुप्पट करा वा निमपट, ती बिघडत नाही.

सोडा, मीठ, वेलदोड्याची पूड मात्र सपाट चमच्यानेच घ्यावी. घरगुती काट्यावर दोन-चार ग्रॅमचा भरवसा धरता येत नाही.

येत्या दिवाळीआधी एक दुपार या कामी काढावी. ज्या वाटीने आजी किंवा सासूबाई मोजत आल्या, तीच वाटी घ्यावी. शक्य तर त्यांच्याच हाताने ती भरून घ्यावी, कारण हात दाबून भरतो की हलका, हेही त्या वजनात उतरते. आलेले आकडे जुन्या अक्षराशेजारी समासात लिहून ठेवावेत. भांडी भावंडांत वाटली जातात, मोडीत निघतात. मुली-सुना वडोद्याहून हैदराबादेस आणि तेथून परदेशी जातात. वाटी त्यांच्याबरोबर जाईलच असे नाही. समासातले ग्रॅम मात्र जातील, आणि घरची चवही त्यांच्या मागोमाग जाईल.