डेंगळ्यांची बाजू

मंडळी, आज कांद्यावर लिहितोय. भावाबद्दल नव्हे, फुलाबद्दल.

2019 च्या मे महिन्यात लेकीकडे इंग्लंडला गेलो होतो. तिच्या बागेत कमरेएवढ्या दांड्यांवर जांभळे गोल चेंडू डोलत होते. "बाबा, ओळखा पाहू!" मी पान चुरगाळून वास घेतला. "अगं, हा तर कांदा!" तिकडे त्याला अलियम म्हणतात. आपल्या कांदा-लसणाचंच कूळ, पण हा शोभेचा. कंद ऑक्टोबरात लावायचे, कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल. थंडीभर ते जमिनीत राहतात आणि मे-जूनमध्ये फुलतात. फुलं येईतो पानं पिवळी पडू लागतात, पण कापायची नाहीत. पुढच्या वर्षीची शिदोरी कंद त्या पानांतूनच भरून घेतो.

"येताना चार कंद आणा," असं इथून काहींनी सांगितलं होतं. आणले नाहीत. एक तर त्याला परवानगी लागते. शिवाय त्या कंदांना काही आठवडे सलग कडाक्याची थंडी लागते. नाशिकच्या थंडीत आपण स्वेटर काढतो, पण त्यांचं तेवढ्यानं भागत नाही.

आणि खरं सांगू? मला ते फूल नवं नव्हतंच. निफाडकडे आमची शेती होती. कांद्याच्या वाफ्यात मधेच एखाद्या रोपाला पोकळ दांडा यायचा, टोकाला पांढऱ्या फुलांचा गोंडा. हाच डेंगळा. वडील दिसला की मोडायचे. त्यांचं बरोबरच होतं. डेंगळा आला की कांदा पोसत नाही, टिकत नाही, बाजारात कोणी विचारत नाही. लहानपणी मी एकदा चार डेंगळे तांब्यात पाणी घालून ओट्यावर ठेवले. वडील एवढंच म्हणाले, "नुकसान कशाला सजवतोस?" पुन्हा ठेवले नाहीत.

पण तेच वडील दिवाळीच्या सुमारास निवडक कांदे बियांसाठी लावायचे आणि त्यांच्या गोंड्यांवर मधमाश्या आल्या की खूश व्हायचे. फूल तेच. एका वाफ्यात नुकसान, दुसऱ्यात पुढच्या वर्षाचं पीक.

म्हणून माझं मत असं, की शोभेचं आणि खायचं ही वाटणी झाडाची नाही, आपली आहे. नर्सरीतून महागडी रोपं आणायची आणि कोंब आलेला कांदा कचऱ्यात टाकायचा, हे मला पटत नाही. नोव्हेंबरात तो कुंडीत लावा. ऊन भरपूर, पाणी बेताचं, खाली निचरा हवा. बहुधा फेब्रुवारीच्या आसपास गोंडा फुलतो. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "पुढच्या दारात कांदा? लोक काय म्हणतील!" आता त्यांच्याच नातवाला मधमाश्या मोजायला आमच्याकडे पाठवतात.

शेतकऱ्यानं डेंगळे जपावेत, असं मात्र मी म्हणणार नाही. मला पेन्शन आहे, म्हणून हे लाड सुचतात. वडिलांना ती चैन नव्हती, हे कळायला मला सत्तरी गाठावी लागली. यंदा पहिला गोंडा कापला आणि त्यांच्या फोटोपुढे तांब्यात ठेवला. या वेळी ते काही म्हणाले नाहीत.

असो. थोडं बी धरलंय. हवं असेल त्यांनी लवकर कळवा, कांद्याचं बी फार काळ टिकत नाही.