आता दिवे लावणं पुरे!

पीएलसीच्या प्रॅक्टिकलला आपण काय करतो? दिवे लावतो! बटण दाबलं की हिरवा, पाच सेकंदांनी पिवळा, मग लाल. हा ट्रॅफिक सिग्नल एका बॅचच्या जर्नलमधून दुसऱ्या बॅचच्या जर्नलमध्ये इमानेइतबारे उतरतो, सही होते, विषय संपतो.

त्याच लॅबमध्ये पलीकडच्या टेबलावर मोटारीचा ड्राइव्ह आहे. त्याचा नॉब फिरवायचा, आरपीएमचा तक्ता भरायचा, झालं. दोन टेबलांत अंतर जेमतेम चार फूट. माझं स्पष्ट मत आहे की शिकण्यासारखं जे काही आहे ते त्या चार फुटांत आहे, आणि नेमकं तेच आपल्याला कोणी शिकवत नाही.

कारखान्यात नॉब कोण फिरवतो? पीएलसीच ड्राइव्हला सांगतो की चालू हो, एवढ्या वेगाने फीर. ड्राइव्ह उलट कळवतो की चालू झालो, करंट एवढा घेतोय. पूर्वी प्रत्येक निरोपाला वेगळी वायर लागायची. स्टार्टला एक, ट्रिपला एक, वेगासाठी ४ ते २० मिलिअँपची जोडी. मोडिकॉन कंपनीने १९७९ साली मॉडबस आणला. आज आरएस-४८५ ची एक पिळाची केबल हे सगळं नेते-आणते, शिवाय ड्राइव्ह ट्रिप का झाला त्याचा कोडही आणून देते.

आता डेल्टाचा व्हीएफडी-ई घ्या. २००० हेक्स या पत्त्यावर १२ हेक्स लिहिलं की मोटार पुढच्या दिशेने चालू, १ लिहिलं की बंद. वेग २००१ हेक्सवर, पण हर्ट्झच्या शंभराव्या भागात. म्हणजे ५० हर्ट्झसाठी ५०००. कोणी भाबडेपणाने ५० लिहिलं तर ड्राइव्ह अर्धा हर्ट्झ समजतो, मोटार जेमतेम हलते आणि आपण वायरी तपासत बसतो. सीमेन्सची तऱ्हा आणखी निराळी. तिथे आधी ०४७ई पाठवायचं, मग ०४७एफ. पहिल्यापासून ०४७एफच पाठवत राहिलात तर ड्राइव्ह ढिम्म! शेवटचा बिट शून्याचा एक झालेला त्याला दिसावा लागतो.

हे मॅन्युअल वाचूनही कळेल म्हणा. पण चालू मोटारीची केबल निघाली तर? मोटार थांबेल, असंच बहुतेकांना वाटतं. कित्येक ड्राइव्हमध्ये कम्युनिकेशनचा टाइमआउट मुळात बंद असतो. तो सेट केला नसेल तर शेवटचा हुकूम पाळत मोटार फिरतच राहते. कन्व्हेयरवर पोती असली तर पोती पडतील. कोणाचा हात असला तर? म्हणून तर इमर्जन्सी स्टॉप साध्या मॉडबसच्या भरवशावर सोडत नाहीत, त्याची वायर वेगळी ओढतात. हे आपल्याला नोकरीच्या पहिल्या महिन्यात, शॉप फ्लोअरवर कळावं का?

ड्राइव्ह जळेल ही सरांची भीती खोटी नाही, आपली कीर्ती त्यांना ठाऊक आहे. पण रिकाम्या, बिनलोडच्या मोटारीवर जळून जळून काय जळणार? एकदा टाइमआउट बंद ठेवून केबल उपटू द्या, एकदा दोन सेकंदांवर ठेवून. मोटार थांबायला किती वेळ लागला ते जर्नलमध्ये लिहू द्या, आणि व्हायवाला पीएलसीच्या आकृतीऐवजी त्यावर विचारा.

केबल विकत आणायचीही गरज नाही. लॅबच्या मामांच्या कपाटात, खालच्या खणात, पिशवीसकट पडून आहे.