खणखणणारा कळफलक आणि मुकी लिपि

अलीकडे आमच्या रत्नागिरींतील सुशिक्षित घरांत मुलगा कॉलेजांत जाऊं लागला कीं एक नवा वाद उपस्थित होतो. संगणकाचा कळफलक, ज्यास सारे कीबोर्ड म्हणतात, तो नेहमींचा स्वस्त घ्यावा कीं मेकॅनिकल घ्यावा? मुलाच्या मतें स्वस्त फलक म्हणजे निव्वळ रबर. वडिलांच्या मतें महाग फलक म्हणजे निव्वळ चैन. आमच्या मतें दोघेही अर्धेंच पाहतात.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. नेहमींच्या फलकांत कळांच्या खालीं रबराचे घुमट व त्यांखालीं प्लास्टिकचे पापुद्रे असतात. कळ तळापर्यंत दाबावी तेव्हां पापुद्र्यांवरील रेषा एकमेकींस टेकून अक्षर उमटतें. मेकॅनिकल फलकांत प्रत्येक कळेस स्वतंत्र स्प्रिंग व स्वतंत्र स्विच असतो. चेरी या जर्मन कंपनीच्या नामांकित स्विचांत कळ सुमारें ४ मिलिमीटर खालीं जाते, परंतु अक्षर २ मिलिमीटरच्या सुमारासच उमटतें. बोटास तळ गांठावा लागत नाहीं. शिवाय एक कळ बिघडल्यास तेवढाच स्विच बदलतां येतो. स्वस्त फलक मात्र बहुधा सगळाच टाकावा लागतो.

म्हणून 'चैन' हा वडिलांचा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. टीव्हीएस कंपनीचा 'गोल्ड' नांवाचा मेकॅनिकल फलक आपल्या देशांतील कचेऱ्यांत वर्षानुवर्षें राबत आला आहे. सरकारी लिपिक-टंकलेखकास मिनिटाला ३० मराठी शब्दांची गति सिद्ध करावी लागते. अशा उमेदवारानें हातासाठीं दोन पैसे अधिक खर्चिले तर बिघडलें कोठें? चष्म्याच्या कांचेंत काटकसर न करणाऱ्या गृहस्थानें बोटांच्या बाबतींतच कृपण कां व्हावें?

पण चिरंजीवांसही दोन शब्द ऐकविले पाहिजेत. रंगीबेरंगी दिव्यांनीं लेखन सुधारत नाहीं. निळ्या स्विचाचा खणखणाट लिहिणाऱ्यास गोड वाटला तरी शेजारीं अभ्यास करणाऱ्या बहिणीस तो शिक्षाच होय. शिवाय आपल्या किनाऱ्यावरील खाऱ्या, दमट हवेंत धातूस गंज किती लवकर चढतो, हें येथें कोणास सांगावयास नको. महाग फलक झांकून ठेवण्याची शिस्तही अंगीं हवी.

आतां दोघेही विसरतात तो भाग. या सुंदर कळांवर देवनागरी कोठें आहे? मुलगा मराठी लिहितो तें रोमन अक्षरांवर बोटें आपटून, आणि त्यांतून मराठी शब्द निवडण्याचें काम यंत्रावर सोंपवून! ज्या रत्नागिरींत १८५६ सालीं लोकमान्य टिळक जन्मले, त्यांनीं छपाईसाठीं देवनागरी खिळे कमी करण्याचा खटाटोप केला. १९२४ ते १९३७ या काळांत येथेंच स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनीं लिपिशुद्धीचा पुरस्कार करून 'अ'ची बाराखडी सुचविली. त्यांच्या सूचना कोणास पटोत वा न पटोत. आपली लिपि यंत्रावर सुखानें कशी चालावी ही चिंता त्यांस होती. आम्हांस चिंता आहे ती कळेच्या आवाजाची!

आज तर लिपि छाटण्याचेंही कारण उरलेलें नाहीं. १९९१ च्या भारतीय मानकांत समाविष्ट झालेली इन्स्क्रिप्ट मांडणी बहुतेक संगणकांत आधींच असते. तिला दमडीही पडत नाहीं. स्वर डाव्या हाताकडे, व्यंजनें बहुतांशीं उजव्या हाताकडे; 'क' आणि 'ख' एकाच कळेवर, 'ल' आणि 'ळ' एकाच कळेवर. कोणी म्हणेल, रोमनमधून लिहिलें तरी कागदावर अक्षर तेंच उमटतें. उमटतें खरें, परंतु 'ख'साठीं दोन अक्षरें खर्चून, आणि 'ल' कीं 'ळ', 'न' कीं 'ण', ऱ्हस्व कीं दीर्घ, हा निर्णय यंत्राच्या सूचनांवर टाकून. जो निर्णय लिहिणारा रोज दुसऱ्यावर टाकतो तो घेण्याची शक्ति त्याच्या अंगीं फार दिवस राहत नाहीं.

यास्तव आमचा सल्ला असा: प्रथम घरांतल्या स्वस्त फलकावर इन्स्क्रिप्ट शिका. बोटांस देवनागरी पाठ झाल्यावर, तासन्‌तास लिहावयाचें असेल तर मेकॅनिकल फलक खुशाल घ्या, आणि दुकानदाराकडे देवनागरी अक्षरांच्या कळा आग्रहानें मागा. मागणाराच नसेल तर तो ठेवील कशास? मराठी न लिहिणाऱ्या बोटांखालीं असा फलक म्हणजे नाकापेक्षां मोतीं जड. आणि घरांतील वडीलधाऱ्यांनीं तक्रार करावयाची तर ती किंमतीविषयीं नव्हे, याविषयीं करावी.