गाळ्यातला पीसी

१ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या कारभाराचा श्रीगणेशा ठाण्याच्या वागळे इस्टेटीत झाला. राज्य जेमतेम दोन वर्षांचे होते. रस्त्यांना नावांऐवजी नंबर, दोन्ही बाजूंना शेड, शेडमध्ये लेथ, मिलिंग, प्रेस. नवे यंत्र बाहेरून आणायचे तर परवाना हवा, परकीय चलन हवे आणि दोन्हींसाठी दिल्लीचे उंबरे झिजवायचे. म्हणून आहे ते यंत्र खोलून, घासून, नवा बुश बसवून चालवणे हाच शिरस्ता पडला. गिअरचा दात तुटला तर शेजारच्या गाळ्यात तो कापून मिळे. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकात त्याच्या पोटातला नकाशा असे आणि तेलाचे डाग पडलेले ते पुस्तक फोरमनच्या कपाटात कुलपात राही.

नव्वदच्या दशकात याच वसाहतीत हिशेबनिसाच्या आणि ड्रॉइंगवाल्याच्या टेबलावर पीसी आला, तेव्हा खोलून पाहण्याची ही सवय दाराबाहेरच राहिली. पीसीचा डबा उघडला जाई, रॅम बदलली जाई, एसएमपीएस जळला तर नवा बसे. पण आतल्या सॉफ्टवेअरला कुणी हात लावीत नसे. बिघडले की हार्डवेअरवाला येई आणि ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणे. लेथ बिघडली म्हणून ती भंगारात काढून नवी आणा, असे कुणी याच गाळ्यात सुचवले असते तर त्याला चहाही मिळाला नसता.

हे का झाले याचे ठरलेले उत्तर असे, की लिनक्स, म्हणजे आतले उघडून पाहता येणारी मुक्त प्रणाली, अवघड होते आणि लोकांना ठाऊक नव्हते. हे उत्तर मला पटत नाही. अवघड ते होतेच. पण ज्या माणसाने कागदावरचे ड्रॉइंग वाचून हातातल्या मायक्रोमीटरवर शतांश मिलिमीटर पकडला, त्याला काळ्या पडद्यावरच्या चार आज्ञा जड गेल्या असत्या असे म्हणणे हा त्याचा अपमान आहे. आणि ठाऊक नसण्याचे म्हणाल, तर लिनक्स मुंबईच्या परिसरात बऱ्यापैकी लवकर पोहोचले होते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, लायनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आपले लिनक्स कर्नल जगापुढे ठेवले, आणि त्याच दशकात अतुल चिटणीस यांच्या पुढाकाराने ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाच्या अंकासोबत लिनक्सच्या सीडी भारतभर जाऊ लागल्या. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट कुथत चालण्याच्या काळात मासिकाबरोबर आलेली सीडी हेच खरे वितरण होते. पुढे उबुंटू या लिनक्सच्या आवृत्तीवाले मागेल त्याला परदेशातून पोस्टाने फुकट सीडी पाठवीत. ती सोय २०११ पर्यंत चालू होती. जुहूला राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र होते, तिथे ‘इंडिक्स’ या नावाने भारतीय भाषांतल्या लिनक्सवर काम चालले. ठाण्याहून कुर्ल्याला गाडी बदलली की मानखुर्द. तिथल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातले नागार्जुना जी. हे २००१ मध्ये सुरू झालेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाच्या कामात आघाडीवर होते. म्हणजे माल जवळ होता, माहीतगार माणसेही जवळ होती.

आड आली ती चोरी.

भारताच्या कॉपीराइट कायद्यात १९९४ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती मे १९९५ मध्ये अमलात आली. तिच्यातले कलम ६३ ख सांगते, की संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस, कमाल तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, विंडोज ९५ बाजारात आली. चोरी करण्याजोगा माल आणि त्याविरुद्धचा कायदा एकाच पावसाळ्यात आले म्हणायचे. गाळ्यांपर्यंत माल पोहोचला, कायदा फारसा पोहोचला नाही. लॅमिंग्टन रोडवरून जोडून आणलेल्या पीसीच्या भावात विंडोज, ऑफिस, कोरलड्रॉ, ऑटोकॅड सगळे ‘टाकून’ मिळे. त्याचे वेगळे बिल नाही, वेगळी चर्चा नाही.

आता गाळेवाल्याच्या जागी उभे राहून पाहा. लिनक्सचा जो एक गुण त्याला पहिल्या वाक्यात समजला असता, तो म्हणजे पैसे पडत नाहीत. तो गुण चोरीच्या प्रतीकडेही होताच. उरलेला गुण म्हणजे आतले वाचता येते, बदलता येते, दुसऱ्याला देता येते. तो सांगायला वेळ हवा आणि सांगणारा हवा; हार्डवेअरवाल्याकडे दोन्ही नव्हते. बिल गेट्स यांनी १९९८ मध्ये एका विद्यापीठातल्या कार्यक्रमात चीनबद्दल बोलताना साधारण असे सांगितले होते, की लोक चोरणारच असतील तर आमचे चोरावे. सवय लागली की वसुलीचे पुढे पाहता येईल. धंद्याची इतकी स्वच्छ समज आपल्याकडच्या लिनक्सच्या प्रचारकांना तेव्हा नव्हती. ते फुकटपणाचेच गाणे गात राहिले.

दुसरी अडचण मराठीची, आणि तिच्यावर थोडे थांबले पाहिजे, कारण हरलेली लढाई पुढे जिंकली गेली ती इथेच. नव्वदच्या दशकातला मराठी मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली मराठी चित्रे. श्रीलिपी, आकृती, आयएसएम: प्रत्येकाची मांडणी वेगळी. एका फाँटात टंकलेली निविदा दुसऱ्या संगणकावर उघडली की कंस, टक्के आणि परकीय अक्षरांचा चिवडा दिसे. छापखाने, वकील, नगरपालिका, शाळा, सगळ्यांचे दफ्तर या बंदिस्त मांडण्यांत अडकले, आणि त्या चालत विंडोजवर. ऑपरेटरची बोटे रेमिंग्टनच्या टंकयंत्रावर तयार झालेली. त्यांना इनस्क्रिप्ट कळफलक शिका म्हणणे म्हणजे भाकरी थांबवणे. युनिकोडची देवनागरी विंडोजमध्ये २००० साली आली खरी, पण एक्सपीतसुद्धा तिच्यासाठी सेटिंगमधल्या एका चौकोनात खूण करून मूळ सीडी पुन्हा घालावी लागे. ज्याची प्रतच चोरीची, त्याच्याकडे मूळ सीडी कुठून असणार?

याच सुमारास मुक्त सॉफ्टवेअरवाली मंडळी निराळे काम करीत होती. मुंबईतल्या ‘इंडिकट्रान्स’ गटाने ‘गार्गी’ हा खुला देवनागरी फाँट दिला. २००४ मध्ये रेड हॅटकडून ‘लोहित’ फाँट खुले झाले आणि त्या कामाचा पुढचा बराच भार कंपनीच्या पुणे कार्यालयाने वाहिला; २०११ मध्ये त्यांना फाँटांसाठीचा खुला परवाना मिळाला. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांत फरक करणारा तो छोटा र, आपल्या वळणाचे ल आणि श, ‘ॲ’: मराठी डोळ्याला जे खुपते ते एकेक करून दुरुस्त होत गेले. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले. राज्य शासनाने प्रमाण देवनागरी वर्णमालेचा निर्णय काढला तो नोव्हेंबर २००९ मध्ये. जोडाक्षरे पडद्यावर नीट मांडणारी ‘हार्फबझ’ ही खुली प्रणाली आज फायरफॉक्समध्ये आहे, क्रोममध्ये आहे, लिब्रेऑफिसमध्ये आहे आणि प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे खुले फाँट दुकानांच्या पाट्यांपासून पुस्तकांपर्यंत दिसतात. किसननगरच्या चाळीतली मुलगी आईला व्हॉट्सॲपवर मराठीत निरोप पाठवते, तेव्हा तिच्या फोनच्या तळाशी लिनक्सचे कर्नल असते आणि अक्षरे जुळवणारा कंपोझिटर कुणाच्याही मालकीचा नसतो. टेबलावर हरलेले खिशात असे जिंकले, आणि त्याची बातमी कुठे आली नाही.

तिसरी गोष्ट शिक्षणाची. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ मध्ये उभे राहिले आणि त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्यातालुक्यांत लाखो हातांना पहिल्यांदा माउस दिला. हे काम मोठे आहे. त्याची थट्टा करणाऱ्यांनी २००२ मधले मुरबाड किंवा शहापूर आठवावे. पण सरकारी नोकरीसाठी जे प्रमाणपत्र लागते, त्यात एकाच कंपनीच्या खिडक्या आणि एकाच कंपनीचे ऑफिस शिकवले जाऊ लागले, की राज्यभराची बोटे त्याच बटनांना सरावतात. केरळने त्याच काळात ‘आयटी@स्कूल’ सुरू केले, काही वर्षांत शाळांतला संगणक विषय पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअरवर नेला आणि २०१७ मध्ये त्या प्रकल्पाची ‘काइट’ ही सरकारी कंपनी केली. तिथला मास्तर लिनक्स हाताळतो, कारण त्याच्यापुढे दुसरे काही ठेवलेच नाही. सवय दोन्ही राज्यांनी लावली. आपण ती दुसऱ्याच्या हिशेबाने लावली.

दरम्यान वागळे इस्टेटीचे रूपही पालटले. कारखाने बंद झाले, राज्याच्या माहिती तंत्रज्ञान धोरणाने जादा चटईक्षेत्र दिले आणि सोळा नंबरच्या रस्त्यावर शेडच्या जागी काचेचे मनोरे आले. वरच्या मजल्यांवरची मुले दिवसभर लिनक्सच्या सर्व्हरशी बोलतात. त्यांच्या पगाराचा पायाच तो आहे. खाली, उरलेल्या गाळ्यांत, बिले काढणारा पीसी अजून विंडोज ७ वर. एकाच रस्त्यावरच्या या दोन जगांची गाठ फक्त वडापावच्या गाडीवर पडते.

या खालच्या पीसीवर लिनक्स घालून पाहिले तर काय होते, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. ब्राउझर, मेल, पत्रे, तक्ते बिनबोभाट चालतात. जीएसटीचे विवरण ब्राउझरमधून जाते. पण टॅली विंडोजचेच आहे. विंडोजचे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणाऱ्या ‘वाइन’च्या आडून ते चालवणे म्हणजे रोजची डोकेदुखी. फ्रापे या मुंबईच्या कंपनीचे ‘ईआरपीनेक्स्ट’ खुले आहे, चांगले आहे, पण सीएला टॅलीचीच फाइल हवी असते. कचेऱ्याकचेऱ्यांत दिसणारा तो छोटा लेझर प्रिंटर ड्रायव्हरसाठी छळतो. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनपाशी बहुतेकांचा धीर सुटतो. ड्रॉइंगचे तर विचारू नका. २००२ मध्ये सुरू झालेल्या फ्रीकॅडची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली, आणि ती चांगलीच समर्थ आहे; पण गिऱ्हाईक ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी फाइल पाठवते, ती बंद मांडणीतली, आणि डाय बनवणारा माणूस गिऱ्हाइकाला फाइल बदलून पाठव म्हणू शकत नाही.

तरीही सध्याची वेळ पूर्वीसारखी नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार काढून घेतला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे २०१६ मध्ये घेतलेला धडधाकट पीसी नियमाप्रमाणे बाद ठरतो. इथे चोरीची प्रतही पूर्वीइतकी उपयोगाची नाही, कारण प्रश्न आता पैशांपेक्षा यंत्राला जाणूनबुजून म्हातारे ठरवण्याचा आहे. असल्या पीसीत एक एसएसडी आणि लिनक्स मिंट घातले तर तो आणखी पाच-सात वर्षे निघतो. लिनक्ससीएनसी हे तर गाळ्यासाठीच जन्मल्यासारखे आहे: अमेरिकेच्या मानक संस्थेत नव्वदच्या दशकात सुरू झालेले, पुढे स्वयंसेवकांनी वाढवलेले, जुन्या मिलिंग मशीनला संगणकाचा हुकूम पाळायला लावणारे. त्याला नवा झगमगीत पीसी नको असतो. जुना, पॅरलल पोर्टवाला त्याच्या जास्त कामाचा. भंगारवाल्याकडे किलोवर जाणारा डबा इथे कंट्रोलर होतो, आणि आतला प्रत्येक पॅरामीटर साध्या मजकुराच्या फाइलीत वाचता येतो. जुन्या फोरमनच्या कपाटातल्या पुस्तकाशी त्याचे नाते मला जवळचे वाटते.

हे शिकवायला नवी संस्था काढायला नको. ठाण्याची शासकीय आयटीआय याच वसाहतीत आहे. आयटीआयच्या ‘कोपा’ या संगणक अभ्यासक्रमात लिनक्सचे धडे आहेत. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे पाठ मराठीत ऐकवण्याची सोय केली आहे. फिटर, मशिनिस्ट आणि कोपा या तीन ट्रेडच्या मुलांना एका जुन्या मिलिंग मशीनवर आणि एका बाद पीसीवर एकत्र सोडले, तर महिन्याभरात ते यंत्र हलेल. त्याला लागणारे भांडवल एका काचेच्या मनोऱ्याच्या दारातल्या कारंज्याहून कमी असेल.

टॅली, डीडब्ल्यूजी आणि प्रिंटर ही बाजाराची गाठ आहे. ती बाजार सोडवील तेव्हा सोडवील. सरकारची गाठ निराळी. आयकराची जुनी जावा युटिलिटी लिनक्सवर चालायची; २०२१ मध्ये आलेली नवी ऑफलाइन युटिलिटी विंडोजपुरती निघाली आणि तिची एक्सेल आवृत्ती मॅक्रोंवर उभी आहे. म्हणजे आपण मागे गेलो. संरक्षण मंत्रालय २०२३ मध्ये स्वतःच्या संगणकांवर उबुंटूवर बेतलेली ‘माया’ प्रणाली बसवू लागले, आणि त्याच सरकारचे दुसरे खाते नागरिकाला विंडोज घ्यायला लावते. खुल्या प्रणालींना प्राधान्य द्या आणि त्या डावलल्या तर कारण लिहून द्या, असे केंद्राचे धोरण मार्च २०१५ पासून छापील आहे. आयकराच्या लिनक्स युटिलिटीची मागणी ठाण्यातल्या लघुउद्योजकांच्या संघटनांनी, करसल्लागारांना बरोबर घेऊन, याच धोरणाचा हवाला देऊन लेखी करावी, आणि डावलण्याचे कारणही लेखीच मागावे.