कॉम्प्युटरचा गळा आणि आमचा क्वायर

परवा आमच्या क्वायरच्या मीटिंगमध्ये मी चक्क स्वतःच्याच कामाविरुद्ध हात वर केला!

झालं असं, की आम्ही विल्यम बर्डचा चार आवाजांसाठीचा मास बसवतोय. मास म्हणजे कॅथलिक उपासनेची गाणी. चार गट चार वेगळ्या चाली गातात आणि त्या एकमेकींत गुंफल्या जातात. मी हौसेनं चारही चाली सॉफ्टवेअरकडून शब्दांसकट गाऊन घेतल्या आणि सगळ्यांना पाठवल्या. लोक खूष! लगेच कुणीतरी म्हणालं, आता घरीच पाठ करू, निम्म्या तालमी रद्द, हॉलचं भाडं वाचेल.

आता, या सॉफ्टवेअरचं मला कौतुकच आहे. यामाहाच्या व्होकलॉइड तंत्रावरचे पहिले आवाज २००४ साली ब्रिटनच्याच झीरो-जी कंपनीनं बाजारात आणले. ज्या संगीतकाराला चाळीस गायक परवडत नाहीत, त्याला निदान आपली रचना ऐकता येते. हे थोडं नाही.

पण तालीम कशासाठी असते हो? मुद्दाम बदललं नाही तर कॉम्प्युटर हार्मोनियमसारखा गातो: सप्तकाचे बारा सारखे भाग, प्रत्येक भाग १०० सेंटचा. त्यात शुद्ध गंधार ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार असतो ३८६ वर. आकाशवाणीनं १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली, त्यामागच्या आक्षेपांत हाही एक होता. साथीविना गाणारी माणसं मात्र एकमेकांचं ऐकून त्या गोड गंधाराकडे आपोआप झुकतात. यॉर्क विद्यापीठाच्या डेव्हिड हॉवर्ड यांनी चौघांच्या गाण्यात हे मोजून दाखवलंय (२००७). या झुकण्यापायी अख्खी पट्टीसुद्धा हळूहळू सरकते. कॉम्प्युटर तसूभर हलत नाही, आणि लोक त्याला 'परफेक्ट' म्हणतात!

आणखी एक गंमत. सोप्रानोचा एकच ट्रॅक बारा वेळा कॉपी केला, की बारा जणी होत नाहीत. तीच बाई मोठ्यानं गाते. बारा गळ्यांत जो बारीक फरक असतो, त्यानंच क्वायर भरल्यासारखा वाटतो.

माझ्या ट्रॅकवर पाठ करणारा माणूस माझ्या ट्रॅकचंच ऐकणार. शेजारच्याचं ऐकायची सवय ट्रॅक लावून कशी लागेल? तिकडे गॅदरिंगला कराओके लावून समूहगीत बसवतात, तेव्हा पोरं एकमेकांकडे बघतात तरी का? जरा आठवून पाहा.

बर्डनं हा मास १५९० च्या दशकात लिहिला. तेव्हा इंग्लंडमध्ये कॅथलिक उपासनेला बंदी होती. लोक घराची दारं लावून, मोजक्या गळ्यांत, पकडले जाण्याची जोखीम पत्करून हे गात. आणि आम्हाला हॉलचं भाडं जड होतंय!

असो. मतदानात मी हरलो. रद्द झालेल्या गुरुवारी आता आम्ही सात जण माझ्या बैठकीच्या खोलीत जमतो. खुर्च्या कमी पडतात. लॅपटॉप बंद असतो.