पूल हवाच, पण कुणाच्या मापाचा?

नदीवर पूल नको म्हणणारी बाई मला अजून भेटलेली नाही. मीही नको म्हणत नाही. आम्ही लोहाऱ्याच्या बाया यवतमाळला खेटून राहतो, दवाखाना हाताशी आहे. याच जिल्ह्यात पैनगंगेकडच्या कितीतरी गावांत तो पावसाळाभर पुराच्या पलीकडे असतो. २८ सप्टेंबर २०२१ रोजी उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यावर, पुलावरून पाणी वाहत असताना, एस.टी. वाहून गेली. माणसं दगावली. चर्चा झाली ती चालकानं गाडी पाण्यात का घातली याची. पूल इतका ठेंगणा कुणी ठेवला, हा प्रश्न मागंच राहिला.

ठेंगण्या पुलाची किंमत बाया मोजतात आणि ती कुठल्याही कागदावर येत नाही. पूर येतो जुलै-ऑगस्टात, नेमका निंदणाच्या दिवसांत. पलीकडच्या वावरात पोचता आलं नाही की त्या दिवसाची मजुरी बुडाली. दिवस भरलेली बाई अलीकडेच अडकते. पोरीची शाळा तर पहिल्या पुरालाच सुटते. पोराला मात्र कुणीतरी खांद्यावर बसवून नेतं. आणि पुलाचा हिशेब होतो वाहनं मोजून! डोक्यावर भारा घेऊन चालणारी बाई त्यात धरलीच जात नाही. म्हणून नव्या पुलावरही पायी चालणाऱ्यांना जागा नसते, ट्रक अंगाला घासून जातो, आणि भरावाखाली नदीवर उतरायची वाट बुजते.

पैसा नाही, असं कुणी सांगू नये. महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री कोसळला, आणि जून २०१७ मध्ये तिथं नवा पूल खुला झालासुद्धा. मुंबई-गोवा महामार्ग होता ना तो!

मोबदल्याचंही तेच. पोचरस्त्यात वावर गेलं की पैसे सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतात. राबणारीचं नाव तिथं बहुधा नसतंच. ते पैसे कुठं जिरतात हे यवतमाळच्या बायांना सांगायला नको. दारूबंदीसाठी त्या उगाच रस्त्यावर उतरल्या नाहीत. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रीला स्वतंत्र कुटुंब मानलं आहे. शेतकरी आत्महत्यांच्या या जिल्ह्यात हे कलम प्रत्येकीला तोंडपाठ हवं, कारण आपण होऊन ते सांगायला कुणी येणार नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, भूमिपूजनाला आरतीचं ताट घेऊन उभं राहण्याआधी ग्रामसभेपूर्वीची महिला सभा भरवा. ती कायद्यातच आहे. तिथं पुलाचा नकाशा मागा. पुराची रेषा कुठं, पूल तिच्याहून किती वर, पायी चालणारीला किती जागा, खाली उतरायला पायऱ्या आहेत का, कुणाचं वावर जातंय? साहेब म्हणतील, ‘बाई, हे तांत्रिक आहे.’ त्यांना नदीवर घेऊन चला आणि गेल्या पुराचं पाणी कुठवर चढलं होतं ते दाखवा.