विश्लेषण : मुलाला इंग्रजी वाचता येते, पण समजते का? मोबाइलची मदत कुठे होते, कुठे नाही?

इंग्रजीचा धडा खडाखडा वाचणारे मूल पाहिले की घरच्यांना समाधान वाटते. त्याच धड्यातील एखाद्या वाक्याचा अर्थ विचारला की मात्र ते मूल आईकडे बघू लागते. महाराष्ट्रात २००० सालापासून सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे दहावीला बसणाऱ्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने तब्बल दहा वर्षे हा विषय घेतलेला असतो. तरीही अकरावीत विज्ञान शाखेला गेल्यावर भौतिकशास्त्राच्या पुस्तकाचे पहिले पान वाचताना त्याची दमछाक होते. संकल्पना अवघड असते म्हणून नव्हे, तर वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरलेली असते म्हणून.

यावर उपाय म्हणून पालक मोबाइलकडे वळतात. ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ सांगणाऱ्या ॲप्सना तोटा नाही. पण त्यांतील बहुतेकांचा भर बोलण्यावर असतो. परीक्षेत, महाविद्यालयात आणि पुढे नोकरीत अडते ते वाचन-लेखनावर. त्यासाठी ऑनलाइन साधने खरोखर उपयोगी पडतात का, पडत असतील तर कोणती आणि कशी?

आकडे काय सांगतात?

‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने होणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणानुसार, २०१६ मध्ये ग्रामीण भारतातील पाचवीच्या २४.७ टक्के मुलांना इंग्रजीतील सोपी वाक्ये वाचता येत होती. २०२२ मध्ये हे प्रमाण २४.५ टक्के होते. आठवीत ते ४५.३ वरून ४६.७ टक्क्यांवर गेले. थोडक्यात, आकडा जागचा हलला नाही. दुसरीकडे, शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ मधील सुमारे ३६ टक्क्यांवरून २०२२ मध्ये ७५ टक्क्यांच्या घरात पोहोचले. मधल्या काळात करोनामुळे शाळा बंद होत्या आणि फोन नसता तर घसरण आणखी झाली असती, असा युक्तिवाद करता येईल. तरी फोन घरात आला म्हणजे वाचन आले, असे म्हणण्याला या आकड्यांत आधार नाही.

२०२३ च्या ‘असर’मधील एक आकडा जास्त बोलका आहे. २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वयोगटातील मुलांची पाहणी झाली. त्यांतील ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्ये वाचता आली. ज्यांना वाचता आली, त्यांपैकी जेमतेम तीन चतुर्थांश मुलांना अर्थ सांगता आला. म्हणजे वाचणाऱ्या दर चौघांतील एक जण नुसते आवाज काढत होता.

वाचता येणे म्हणजे नेमके काय?

फिलिप गफ आणि विल्यम टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये एक सोपे सूत्र मांडले. वाचन म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार : अक्षरांवरून शब्द ओळखणे आणि ती भाषा ऐकून समजणे. बेरीज नव्हे, गुणाकार. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच. मराठी वाचताना मुलाकडे दुसरी गोष्ट घरातूनच आलेली असते. ‘पाऊस’ हा शब्द जुळवला की डोळ्यांपुढे पाऊस येतो. इंग्रजीत शब्द जुळवूनही डोळ्यांपुढे काहीच न येण्याची शक्यता मोठी.

पहिली गोष्टही सोपी नाही. मराठीत ‘क’ला काना दिला की ‘का’ होतो, तो पुस्तकाच्या शेवटच्या पानापर्यंत ‘का’च राहतो. इंग्रजीत ‘सी’ हे अक्षर ‘कॅट’मध्ये क असते आणि ‘सिटी’मध्ये स. ‘ओ-यू-जी-एच’ ही चार अक्षरे दो, थ्रू, टफ आणि कॉफ या शब्दांत चार निरनिराळे उच्चार घेतात. अक्षरे २६, ध्वनी सुमारे ४४. त्यात आपल्याकडे मुलांना आधी अक्षरांची नावे शिकवली जातात, ध्वनी नाही. ‘सी, ए, टी’ ही नावे कितीही भरभर म्हटली तरी त्यातून ‘कॅट’ तयार होत नाही. मूल शब्दाचे चित्रच पाठ करते. पाचवीपर्यंत हे चालून जाते. नंतर शब्दांची संख्या पाठांतराच्या आवाक्याबाहेर जाते.

एक सवय तर घरोघरी दिसते. इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहून ठेवायचा. हेतू चांगला, पण पुढच्या वेळी मुलाची नजर थेट त्या पेन्सिलीच्या अक्षरांवर जाते. इंग्रजीच्या तासाला मूल मराठीच वाचत राहते. गाइडच्या प्रकाशकांनी ही सोय छापूनच दिली आहे, हा भाग वेगळा.

ऐकणारे ॲप काय करते?

शब्द जुळवण्याच्या सरावासाठी बोललेले ऐकणारी साधने आली आहेत. गुगलने मार्च २०१९ मध्ये भारतात ‘बोलो’ नावाचे ॲप आणले. पुढे तेच ‘रीड अलाँग’ या नावाने इतर देशांतही गेले. पडद्यावर गोष्ट दिसते, मूल मोठ्याने वाचते, अडले तर ‘दिया’ हे पात्र मदत करते. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेटशिवाय चालतात, ही त्याची जमेची बाजू.

यामागचे तंत्र समजून घेण्यासारखे आहे. व्हॉइस टायपिंगमध्ये यंत्राला तुम्ही काय बोलणार हे माहीत नसते, त्यामुळे लाखो शब्दांतून अंदाज बांधावा लागतो. वाचनाच्या ॲपला मात्र पडद्यावर कोणते वाक्य आहे हे आधीच ठाऊक असते. त्याला फक्त आलेला आवाज त्या वाक्याशी जुळतो का, एवढेच तपासायचे असते. म्हणून साध्या फोनवरही हे काम होते. अडचणी आहेतच. लहान मुलांचा बारीक आवाज, शेजारी सुरू असलेला टीव्ही, ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या दोन्हींना ‘व’ म्हणणारी आपली जीभ, यामुळे बरोबर वाचलेले चूक ठरू शकते आणि उलटही. शिवाय हे यंत्र उच्चार तपासते, अर्थ नाही. गुणाकारातील एकच संख्या ते वाढवते. रोज दहा मिनिटे सरावाला ते उत्तम, पण शिक्षकाची जागा त्याला देऊ नये.

अर्थासाठी मराठीचाच हात धरावा

दुसऱ्या संख्येसाठी लागतो भरपूर आणि सोपा मजकूर. ‘प्रथम बुक्स’ने २०१५ मध्ये सुरू केलेले ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ इथे सर्वाधिक कामाचे आहे. सचित्र गोष्टी, चार पायऱ्यांत विभागलेल्या, मोफत, आणि एकच गोष्ट अनेकदा मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत उपलब्ध.

गोष्ट आधी मराठीत वाचावी आणि मग तीच इंग्रजीत. अनेक इंग्रजी शिक्षकांना ही फसवणूक वाटते. तसे नाही. गोष्टीत वाघ विहिरीत पडला हे माहीत असले की मुलाची सगळी शक्ती इंग्रजी शब्द ओळखण्यावर लागते, आणि अनोळखी शब्दाचा अर्थ त्याला संदर्भाने काढता येतो. पहिल्या भाषेतील वाचनाचे कौशल्य दुसऱ्या भाषेत कामी येते, हे कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ पासून मांडले आहे. म्हणूनच मराठी नीट वाचता न येणाऱ्या मुलाला इंग्रजीच्या ॲपवर बसवणे म्हणजे पाया न खणता विटा रचणे होय.

सबटायटल कोणत्या भाषेतले?

दूरदर्शनवर ‘रंगोली’मधील हिंदी गाण्यांखाली हिंदीतच ओळी दिसत, हे अनेकांना आठवत असेल. त्यामागे ब्रिज कोठारी यांचा प्रयोग होता. ही कल्पना त्यांनी १९९६ मध्ये अहमदाबादच्या आयआयएममधून पुढे नेली. जे ऐकू येते तेच अक्षरांत दिसले की नजर आपोआप वाचू लागते, एवढाच तिचा गाभा. यूट्यूबवर हे आज फुकट करता येते. इंग्रजी व्हिडीओ, खाली इंग्रजीच सबटायटल, वेग ०.७५. मराठी किंवा हिंदी सबटायटल लावले तर नजर तिथेच खिळते आणि इंग्रजी फक्त पार्श्वसंगीत उरते. यंत्राने आपोआप तयार केलेल्या ओळींत चुका असतात, त्यामुळे माणसाने लिहिलेले सबटायटल असलेले व्हिडीओ निवडावेत. कार्टूनपेक्षा विज्ञानाचे छोटे व्हिडीओ बरे. तेच शब्द पुन्हा पाठ्यपुस्तकात भेटतात.

कॅमेऱ्यातून भाषांतर : सोय की सापळा?

गुगल लेन्सने पानाचा फोटो काढला की सगळे मराठीत. गृहपाठ झाला, वाचन झाले नाही. एखाद्या शब्दावर अडले तर शब्दापुरते लेन्स वापरणे ठीक, आख्ख्या परिच्छेदासाठी नाही. आठवीनंतर भाषांतराऐवजी उच्चार ऐकवणारा, सोप्या इंग्रजीत अर्थ देणारा केंब्रिजचा ऑनलाइन शब्दकोश हाताशी असावा. एज ब्राउझरमधील ‘इमर्सिव्ह रीडर’ हे साधन फारसे कोणाला माहीत नाही. ते पानावरील जाहिराती बाजूला सारून मजकूर मोठा करते, शब्दांचे तुकडे पाडून दाखवते आणि वाचूनही दाखवते.

लेखनाचा प्रश्न अधिक बिकट आहे. कीबोर्ड पुढचा शब्द सुचवतो, बोलून टाइप करता येते, आणि चॅटजीपीटीसारखा चॅटबॉट मुख्याध्यापकांना पत्र दोन सेकंदांत लिहून देतो. त्या पत्रातून मुलाला काहीच मिळत नाही. उलट क्रमाने तेच साधन उपयोगी ठरते. आधी वहीत स्वतः पाच ओळी लिहायच्या, मग त्या टाइप करून ‘चुका कोणत्या ओळीत आहेत ते सांग, दुरुस्त करू नकोस’ अशी सूचना द्यायची. अर्थात, तेरा वर्षांच्या मुलाला एवढा संयम कुठून यायचा? कोणीतरी शेजारी बसावे लागते.

यंत्र की शिक्षक?

याचे उत्तर शोधणारा एक प्रयोग महाराष्ट्रातच झाला आहे. फँग ही, ली लिंडन आणि मार्गारेट मॅक्लिऑड यांनी २००८ मध्ये त्याचा अहवाल मांडला. ‘प्रथम’च्या इंग्रजी कार्यक्रमात चित्रावर काडी टेकवली की इंग्रजी शब्द ऐकवणारे यंत्र होते, आणि शिक्षकांनी घ्यायचे खेळही होते. दोन्हींमुळे इंग्रजी सुधारले. पण मुळात हुशार मुलांना यंत्राचा फायदा जास्त झाला, तर मागे पडलेल्यांना शिक्षकांचा. स्वतःच्या गतीने पुढे जा, असे सांगणारे साधन ज्याला गती आहे त्यालाच पुढे नेते.

दिल्लीतील ‘माइंडस्पार्क’ केंद्रांचा अभ्यास २०१९ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त प्रसिद्ध झाला. तिथे साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदीत ठळक प्रगती दिसली. मात्र त्या केंद्रांत संगणकावरील सरावाला छोट्या गटातील शिकवणीची जोड होती आणि मजकूर मुलाच्या इयत्तेनुसार नव्हे, पातळीनुसार बदलत होता. आपल्याकडे शाळांना टॅब वाटण्याचे कार्यक्रम होतात तेव्हा फोटो टॅबचे निघतात. कोणत्या पातळीच्या मुलाला काय वाचायला मिळणार आणि शेजारी कोण बसणार, हे कोणी विचारत नाही. खरा खर्च तिथे आहे आणि तो टाळला जातो.

फोन कोणाच्या हातात?

घरात फोन असणे आणि मुलाला तो अभ्यासासाठी मिळणे यात अंतर आहे. ‘असर २०२४’नुसार १४ ते १६ वयोगटातील फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो शिक्षणासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. स्वतःचा फोन असलेल्यांत मुलगे ३६.२ टक्के, मुली २६.९ टक्के. एकच फोन, तो वडिलांच्या खिशात, आणि रात्री घरी आला की आधी भावाच्या हातात, ही मुलींची तक्रार आकड्यांतही दिसते. शाळेने ‘ॲपवर सराव करा’ असा गृहपाठ दिला की तो निम्म्या वर्गापुरताच असतो, हे शिक्षकांनी लक्षात घ्यायला हवे.

पैसे भरून ॲप घेण्यापूर्वी तपासण्यासारख्या गोष्टी फार नाहीत. ते इंटरनेटशिवाय चालते का, मजकुराच्या पायऱ्या आहेत का, सूचना मराठीत मिळतात का, आणि वीस मिनिटांत मूल प्रत्यक्ष किती ओळी वाचते. नाणी, तारे आणि फुगे जमवण्यातच वेळ जात असेल तर पैसे वाया गेले समजावे. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत आहेत. छापील पुस्तकातील क्यूआर कोड ‘दीक्षा’ ॲपमधून स्कॅन केला की त्या धड्याचे साहित्य उघडते.

ज्या घरात फोन रात्री नऊनंतरच मोकळा होतो, तिथेही एक वाट आहे. ‘स्टोरीवीव्हर’वरील गोष्टी मुक्त परवान्याखाली आहेत. त्या पीडीएफमध्ये उतरवून जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून घ्यायला वेगळी परवानगी लागत नाही. डावीकडच्या पानावर मराठी, उजवीकडे इंग्रजी, आणि देवनागरीतले उच्चार मात्र कुठेच लिहायचे नाहीत.